प्रभागाचं जीवनमान मोजायचंय: 112 फॉर्म आले, सरासरी 7.8, आता पुढे काय?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. पणजीतल्या तुमच्या प्रभागात अंदाजे 600 घरं. रहिवासी मंचाने 70 प्रश्नांचा गूगल फॉर्म व्हॉट्सअॅप गटावर टाकला, तीन आठवड्यांत 112 जणांनी भरला. 'इथल्या राहण्याबद्दल तुम्ही एकंदर किती समाधानी आहात' याची सरासरी 10 पैकी 7.8 आली. आता सगळ्या उत्तरांचा मिळून एक निर्देशांक कसा काढायचा, शेजारच्या प्रभागांशी तुलना कशी करायची आणि हे महापालिकेपुढे कसं ठेवायचं, असं तुम्ही विचारलंय.

पण खरी अडचण तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलीय: "मंचातलेच काही म्हणतात, 7.8 म्हणजे झकास चाललंय, मग गटाराच्या तक्रारी कशाला करायच्या?" म्हणजे तुमच्याच आकड्याने तुमचं तोंड बंद केलंय. घरोघरच्या पाहण्यांचं काम मी 22 वर्षं करते, त्यातली बरीच गोव्यात. हे असं होताना मी अनेकदा पाहिलंय, एकदोनदा माझ्याच हातून झालंय.

7.8 कसे येतात ते पाहा. दहा माणसांपैकी आठांनी 8 दिले, दोघांनी 7 दिले: सरासरी 7.8. दुसऱ्या गल्लीत आठांनी 9 दिले आणि दोघांनी 3 दिले: सरासरी तीच, 7.8. पहिल्या गल्लीत फारसं काही करायला नको. दुसरीत दोन घरं हलाखीत आहेत आणि बाकीच्यांचं त्यांच्यावाचून उत्तम चाललंय. म्हणून निर्देशांकाच्या नादी लागण्याआधी, आज संध्याकाळीच एक काम करा. 112 उत्तरं 0 ते 10 अशा रकान्यांत मांडा आणि 5 किंवा त्याहून कमी देणारे किती, कोणत्या गल्लीतले, कोणत्या वयाचे, घर स्वतःचं की भाड्याचं, ते बघा. सरासरीपेक्षा ही शेपटीच तुम्हाला जास्त सांगेल.

अर्थात या शेपटीतही सगळे नसणार. गटावर फॉर्म टाकला म्हणजे गटात असलेल्यांना विचारलं. गटात कोण असतं? घरमालक, निवृत्त मंडळी, तक्रार करायला वेळ आणि इंग्रजी असलेली माणसं. (मीही आमच्या गटात अशीच आहे, तेव्हा टोमणा समजू नका.) मागच्या अंगाला काढलेल्या खोल्यांत भाड्याने राहणारे चार कामगार, बेकरीच्या माळ्यावर झोपणारी पोरं, मुलं दुबईला किंवा लंडनला गेलेली आणि मोठ्या घरात एकटी उरलेली आजी, यांच्यापैकी कोणी तो फॉर्म पाहिलाही नसेल. 112 हा आकडा लहान आहे ही अडचण नाहीच. 600 घरांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली 83 घरं मिळाली, तर टक्केवारी साधारण 10 टक्के इकडेतिकडे धरून विश्वासाने सांगता येते. ±5 हवं असेल तर 234 घरं लागतील, आणि तेवढा उरक तुमच्या स्वयंसेवकांना नसणार. आपणहून आलेले 112 मात्र 500 झाले तरी त्यांना अशी कसलीच हमी देता येत नाही.

तेव्हा दारं मोजा. मतदारयादीवर किंवा घरपट्टीच्या यादीवर विसंबू नका. यादीत नाव एकाचं, राहतो दुसरा, आणि तिसऱ्याचा फ्लॅट वर्षातले दोन महिने उघडतो. दोघांनी वही घेऊन सगळा प्रभाग पायी फिरायचा, प्रत्येक स्वयंपाकघराला एक क्रमांक द्यायचा. 'चूल वेगळी तर घर वेगळं' हा जुना नियम अजून कामाला येतो. बंद घरांचीही नोंद हवीच. पणजीसारख्या शहरात किती घरं बंद आहेत, किती पर्यटकांना दिली जातात, हे स्वतःच शेजारपणाचं एक माप आहे. बाजूच्या तिन्ही फ्लॅटांत दर शनिवारी नवी माणसं येत असतील, तर मधल्या घराचं 'शेजारी कसे आहेत' याचं उत्तर काय येणार?

तुमच्या वर्णनावरून प्रभागाचे दोन भाग आहेत: खाली खाडीजवळची सखल घरं (साधारण 150 म्हणता) आणि वर टेकडीच्या उतारावरची (450). मी असते तर खाली दर तिसरं दार घेतलं असतं आणि वर दर आठवं. खालून 50 घरं येतील, वरून 56. दोन्ही भागांबद्दल स्वतंत्रपणे, साधारण ±12 टक्के धरून, बोलता येईल. दोन्हींचा मिळून आकडा काढताना खालचं प्रत्येक उत्तर 3 घरांचं आणि वरचं प्रत्येक उत्तर 8 घरांचं धरायचं. ही एवढी वजनं लावायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

दार उघडलं नाही तर शेजारच्या दारावर टकटक करायची नाही. याच घरी तीन वेळा जायचं, वेगवेगळ्या वेळी, त्यातला एक रविवार. यात कंटाळा फार येतो आणि इथेच बहुतेक पाहण्या सडतात. सुरुवातीच्या काळात एका गावात आम्ही सगळी घरं सकाळी 10 ते 1 या वेळात उरकली. निष्कर्ष आला की बससेवेबद्दल लोक समाधानी आहेत. असणारच! त्या वेळेला घरी असणारी माणसं बसने जातच नव्हती. संध्याकाळी सात-आठनंतर बस विरळ झाल्यावर स्टँडवर ताटकळणारे सेल्समन आणि नर्सबाई आमच्या वहीत आल्याच नाहीत. आणि हो, दुपारी दोन ते चार कोणाची बेल वाजवू नका. गोव्यात झोपमोड झालेल्या माणसाने दिलेलं उत्तर कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

घरात कोणाला विचारायचं, यालाही नियम हवा. नाहीतर कर्ता पुरुष दारात उभा राहून सगळ्यांच्या वतीने बोलतो. घरातल्या प्रौढांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार, त्यालाच विचारायचं. लोकांना ही पद्धत गमतीची वाटते, त्यामुळे भांडणही होत नाही.

आता काय विचारायचं याकडे येते. इथे थोडी सवडीने लिहिणार आहे, कारण मोठी चूक इथेच होते.

'तुम्ही समाधानी आहात का' हा प्रश्न खोटा नाही, पण एकटा सोडला तर फसवतो. माणूस ज्याची सवय झाली त्याला दुःख म्हणत नाही. अमर्त्य सेन यांनी वारंवार दाखला दिलेली एक पाहणी आहे: 1944 साली, बंगालच्या दुष्काळानंतर, कोलकात्याजवळच्या सिंगूरमध्ये झालेली. विधुरांपैकी 48.5 टक्क्यांनी आपली तब्येत बरी नाही असं सांगितलं. विधवांपैकी तसं सांगणाऱ्या फक्त 2.5 टक्के. विधवांची तब्येत चांगली होती असं कोण म्हणेल? त्यांना तक्रार करायचीच सवय नव्हती. आपल्याकडेही मी हे पाहिलंय. सखल भागातल्या एका घरात बाईंनी पाण्याच्या निचऱ्याला 10 पैकी 8 गुण दिले. मी विचारलं, पाणी घरात येत नाही का? "येतं की गुडघाभर. पण दोन तासांत उतरतं. पूर्वी दिवसभर राहायचं." त्यांचे 8 प्रामाणिक होते. टेकडीवरच्या घरांनी त्याच प्रश्नाला 5 दिले होते, कारण फाटकापुढे डबकं साचायचं. नुसते गुण पाहून खर्च ठरवला असता तर पैसे वर गेले असते.

म्हणून प्रत्येक भावनेच्या प्रश्नाजवळ एक मोजता येणारा प्रश्न ठेवा. निचऱ्याबद्दल समाधान विचारा, आणि लगेच: गेल्या पावसाळ्यात पाणी उंबरठा ओलांडून किती वेळा आत आलं? पाण्याच्या पुरवठ्याबद्दल विचारा, आणि: गेल्या 30 दिवसांत नळ कोरडा असलेले दिवस किती, घरात साठवणीची टाकी आहे का? पणजीचं पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राहून येतं ते सगळ्यांना सारखंच, पण गच्चीवर टाकी असलेल्याला एक दिवसाचा खंड जाणवत नाही, आणि खोलीत दोन बादल्या असलेल्याची सकाळ त्यात जाते. आवाजाबद्दल विचारा, आणि रात्री 10 नंतर स्वतः उभं राहून मोजा. निवासी भागासाठी 2000 सालच्या नियमांत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे 10 ते 6. मोबाइलमधल्या अॅपच्या आकड्यावरून तक्रार दाखल होणार नाही, पण एकाच फोनने, त्याच सहा ठिकाणी, त्याच वेळी मोजत गेलात तर कोणत्या गल्लीत जास्त आणि कुठे कमी, एवढं नक्की कळतं.

चालण्याचं माप मी असं घेते: सत्तरी उलटलेल्या एखाद्या बाईंना किंवा गृहस्थांना विनंती करायची, त्यांच्याबरोबर घरापासून औषधाच्या दुकानापर्यंत जायचं. किती मिनिटं लागली, किती वेळा फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागलं, कुठे कठड्याला धरावं लागलं. अशा पाच फेऱ्या करा. नकाशावर अंतर 400 मीटर दिसतं, त्यात पार्क केलेल्या स्कूटर दिसत नाहीत.

आणि शेजारपणाचं? 'तुमचा शेजाऱ्यांवर विश्वास आहे का' असं विचारलं की सगळे हो म्हणतात. नाही कोण म्हणेल, शेजारीण ऐकत असते. मी विचारते, "गावी जाताना घराची किल्ली कोणाकडे ठेवता?" आणि "रात्री दोनला छातीत दुखलं तर आधी कोणाला हाक माराल?" उत्तर 'मुलाला फोन करीन' असेल आणि मुलगा लिस्बनला असेल, तर त्या घराबद्दल जे कळायचं ते कळलं. या दोन प्रश्नांनी मला वीस गुणतक्त्यांपेक्षा जास्त सांगितलंय.

मनाच्या स्थितीसाठी प्रश्न घरी शिवू नका, तयार आणि तपासलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे: गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, रोजच्या दिवसात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला 0 ते 5 गुण, बेरजेला 4 ने गुणायचं, म्हणजे 100 पैकी गुण मिळतात. 50 च्या खाली गेलं तर त्या माणसाची नीट विचारपूस व्हायला हवी. याच संघटनेची 26 प्रश्नांची मोठी प्रश्नावलीही आहे. शरीर, मन, नातीगोती आणि परिसर असे तिचे चार भाग, त्यांतले 8 प्रश्न परिसरावरचे. पण ती व्यक्तीचं जीवन मोजते, मोहल्ल्याचं नाही, आणि तुमच्या स्वयंसेवकांना ती जड जाईल. तुम्ही पाचच घ्या. मात्र घ्याल तर एक जबाबदारी येते. समोरचा माणूस 12 गुण देऊन गप्प बसला, की तुम्ही वही मिटून निघू शकत नाही. टेलिमानस या सरकारी मदतसेवेचा 14416 हा क्रमांक छापलेली चिठ्ठी प्रत्येक घरी द्या, सगळ्यांनाच, म्हणजे कोणाला एकट्याला दिल्यासारखं होणार नाही.

शब्दांचं प्रकरण गोव्यात नाजूक आहे. तुमचा फॉर्म इंग्रजीत आणि मराठीत होता. कोकणी देवनागरीतूनही हवी आणि रोमीतूनही (म्हणजे रोमन लिपीतून), कारण प्रार्थनापुस्तक रोमीत वाचणाऱ्या आजीला देवनागरी अडते. भाड्याच्या खोल्यांसाठी हिंदी आणि कन्नड बोलणारा एक तरी स्वयंसेवक लागेल. त्यातही 'सुखी' हा शब्द टाळा. आम्ही चाचणीदाखल विचारलं तेव्हा लोकांनी पैसाअडका आणि मुलांच्या नोकऱ्या डोळ्यांसमोर आणून उत्तरं दिली. 'जीवनमान' म्हटलं की अर्धे लोक राहणीमान समजतात आणि फ्रीज, गाडी सांगू लागतात. आणि 'कसं काय चाललंय?' असं सरळ विचारलं तर 'बरें आसा' याखेरीज दुसरं उत्तर यायचं नाही, ते मोजमाप नव्हे, शिष्टाचार आहे. त्यापेक्षा शिडी दाखवा. हॅडली कँट्रिल यांनी 1965 मध्ये मांडलेली ही पद्धत जागतिक आनंद अहवालातही वापरतात: 0 ते 10 पायऱ्यांची शिडी, वरची पायरी म्हणजे तुमच्या मते चांगल्यातलं चांगलं आयुष्य, तळाची म्हणजे वाईटातलं वाईट, आज तुम्ही कुठे उभे आहात? कागदावर शिडी काढून बोट ठेवायला सांगितलं की भाषेची अडचण बरीच कमी होते.

ही शिडी सगळ्यात आधी विचारा. तुमच्या फॉर्ममध्ये तिच्या जागी असलेला एकंदर समाधानाचा प्रश्न 61 वा आहे, कचरा, गटार, कुत्रे, पार्किंग हे सगळं झाल्यावर. आम्ही एका शहरात पहिल्या फेरीत असंच केलं होतं. दुसऱ्या वर्षी कोणीतरी क्रम बदलून शिडी पहिल्या पानावर आणली, गुण वाढले, आणि तिथल्या कार्यालयाने सुधारणा झाल्याचं जाहीर करून टाकलं. सुधारला होता फक्त क्रम. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनाही अमेरिकेतल्या गॅलप या जनमत पाहणी संस्थेच्या रोजच्या पाहण्यांत हेच दिसलं होतं: आधी राजकारणावरचे प्रश्न विचारले की लोक शिडीवर खालची पायरी दाखवत.

ऋतूचंही तसंच. मे महिन्यात निचऱ्याबद्दल विचाराल तर लोक विसरलेले असतात, जुलैत विचाराल तर दुसरं काही सुचत नाही. चवथीत (गणेश चतुर्थीला) निम्मी पणजी आपापल्या मूळ घरी गेलेली असते. नोव्हेंबरच्या 20 च्या सुमारास इफ्फी हा चित्रपट महोत्सव, त्यापाठोपाठ जुन्या गोव्याच्या फेस्ताची नोव्हेना (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना), मग डिसेंबरची गर्दी. मला विचाराल तर मुख्य फेरी दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या (दिवाळी त्यातच आली तर ते चार दिवस सोडून), आणि निचरा व पाण्यापुरते तीन प्रश्न जुलैत त्याच घरांना पुन्हा विचारा.

एवढं सगळं मिळून 20 प्रश्नांच्या वर जाऊ नका. सत्तरांपैकी जे प्रश्न 'उत्तर काहीही आलं तरी आपण काय वेगळं करणार?' या कसोटीवर गप्प होतात, ते काढून टाका. माझा अंदाज आहे की पन्नास तरी जातील.

आता तुमचा निर्देशांक. काढू नकाच असं मी म्हणणार नाही, पण त्यात काय दडतं ते बघा. एका प्रभागाला पाण्यासाठी 9, शांततेसाठी 4. दुसऱ्याला दोन्हींसाठी 6. दोन्ही गोष्टींना सारखं महत्त्व दिलं तर पहिला जिंकतो, 6.5 विरुद्ध 6. पाण्याला 30 आणि शांततेला 70 टक्के दिलं की पहिला 5.5 वर येतो आणि दुसरा पुढे जातो. लोकांचं जगणं तेच राहिलं, भार ठरवणाऱ्याने निकाल फिरवला. केंद्र सरकारच्या 2020 च्या सुगम जीवन निर्देशांकात 111 शहरं होती, 49 निर्देशक होते, आणि भार असे: जीवनाचा दर्जा 35, आर्थिक क्षमता 15, शाश्वतता 20, नागरिकांचं मत 30. देशातल्या शहरांना एका तराजूत घालायचं तर कोणीतरी असे भार ठरवणारच. पण शहराच्या त्या आकड्यातून तुमच्या गल्लीबद्दल काहीच कळत नाही, आणि तुमच्या 106 घरांतून शेजारच्या प्रभागाबद्दल. शेजाऱ्यांशी तुलना तेव्हाच, जेव्हा ते हेच प्रश्न, याच पंधरवड्यात, अशाच दारं मोजून विचारतील. तोवर तुलना करायची ती खालचा भाग आणि वरचा भाग, मालक आणि भाडेकरू, यंदा आणि पुढचं वर्ष अशी.

महापालिकेबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या 3 लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत. 2011 च्या जनगणनेत पणजी 40 हजारांच्या आसपास होती, आणि 3 लाखांचं शहर गोव्यात एकही नाही. म्हणजे तुमचा अहवाल ज्या टेबलावर ठेवायचा ते टेबल कायद्याने आपोआप मिळत नाही. तुमचा वाचक म्हणजे नगरसेवक आणि एखादा अभियंता. त्यांना 'जीवनमान 7.8' सांगून ते काय करतील? 'सखल भागातल्या विचारलेल्या 50 घरांपैकी इतक्या घरांत गेल्या पावसाळ्यात पाणी उंबरठ्याच्या आत आलं, ही ती गल्ली, हा तो नाला' असं सांगितलंत तर निदान जागेवर येऊन बघावं लागतं. एका पानावर बसेल एवढंच द्या.

गल्लीचं नाव द्या, घराचं देऊ नका. वहीत नावं लिहायचीच नाहीत, फक्त क्रमांक. आणि कोणत्याही गटात दहापेक्षा कमी माणसं असतील तर त्या गटाची उत्तरं वेगळी छापू नका. मोठ्या शहरात 'एकटी राहणारी, 75 च्या पुढची, ख्रिस्ती, तळमजला' यावरून कोणी ओळखत नाही. आपल्याकडे पोदेरसुद्धा (पाववालासुद्धा) सांगेल ती कोण. भाडेकरूंच्या बाबतीत तर जास्त जपायला हवं, त्यांनी पाण्याबद्दल काय सांगितलं हे मालकाला कळलं तर पुढच्या महिन्यात ते तिथे नसतील.

तुम्ही जाताना विचारलंय की आलेले 112 फॉर्म फेकून द्यायचे का. नका फेकू. मोकळ्या रकान्यात लोकांनी जे लिहिलंय ते सगळं वाचून काढा, त्यातूनच तुमचे वीस प्रश्न निघतील. आणि त्या 112 जणांपैकी ज्यांनी खाली 'मदत करायला तयार' असं लिहिलंय, त्यांना वही घेऊन दारं मोजायला बोलवा, पहिली फेरी खाडीच्या बाजूने.